अनुसयाबाईंची खिचडी

“तू घरी जा वं. मी बोलतो डॉक्टरशी,” बाबनराव म्हणाले. घरून निघाल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं.

अनुसयाबाई दवाखान्याच्या बाकावरून हलल्या नाहीत. जपमाळ कपाळाला लावून त्यांनी पिशवीत ठेवली.

“तुम्ही काय बोलता ते मले माहीत आहे. आज मीच सांगते.”

त्या आवाज चढवून कधी बोलत नसत. पण आज तक्रार मनात घोळवूनच आल्या होत्या.

उन्हाळ्याआधी गोळीबार चौकातल्या समाजभवनात तपासणीचं शिबिर झालं होतं. दोघांची सोनोग्राफी झाली, रक्त घेतलं. रिपोर्ट आणायला बाबनराव एकटे गेले आणि तोंड पाडून परत आले. लिव्हरवर चरबी चढली आहे, म्हणाले. तिच्यापायी किडनीही मंदावून राहिली. गोळी काही नाही, खाणं आवरायचं अन् चालायचं. नाही आवरलं तर पुढे मशीनवर रक्त धुवायची पाळी.

“अन् मायं?” अनुसयाबाईंनी विचारलं होतं.

“तुले काय धाड भरली? काडीवानी तं आहेस.”

त्यांना नवल वाटलं नाही. बुटीबोरीच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून बाबनरावांच्या सदऱ्याची बटणं ताणलेलीच असत. रोज सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी कचोरी. दुसरं काय होणार?

अनुसयाबाईंचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी होतेच. नवऱ्याच्या किडनीसाठी त्या टेकडीच्या गणपतीला मंगळवारही बोलल्या. गेल्या वर्षी त्यांना स्वतःला चक्कर आली, पाय सुजले, तेव्हा डॉक्टरांनी उपास कमी करायला सांगितले होते. त्यांनी हात जोडून नाही म्हटलं होतं. आपल्या जिवासाठी देवाशी घासाघीस करायची नाही, हा त्यांचा नेम. नवऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी त्यांनी घरातली साखर काढली, तूप काढलं, वनस्पती तुपाचा डबा शेजारी देऊन टाकला.

आणि हा माणूस काय करत होता?

उपासाच्या दिवशी त्या पूजेला बसल्या की हे स्वयंपाकघरात शिरत. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट घातलेले बटाटे, सारं कढईसकट फस्त. पूजा आटोपून येईपर्यंत त्यांच्या वाट्याला चमचाभर उरे. मग पपईची फोड नि ताक, यावर दिवस.

“अहो, उपास मायाय की तुमचा?”

“वास आला की राहवत नाही वं.”

शेवटी त्यांनी साबुदाणा आणणंच सोडलं. वैतागून सोडलं.

चालण्याचीही तीच गत. “एकट्यानं गेलो अन् पडलो तं?” असं म्हणून रोज संध्याकाळी अनुसयाबाईंना गांधीसागर तलावापर्यंत ओढत नेत. त्या कठड्यावर टेकल्या की लगेच, “चाल, मले इथं मच्छर चावून राहिले.” परवा रक्त घ्यायला माणूस घरी आला, तर लेकरासारखे अडून बसले. आधी हिचं घे, मले सुईचं भेव लागते. लाज वाटली अनुसयाबाईंना. त्यांनी निमूट हात पुढे केला.

“पौनीकर,” काउंटरवरच्या काजलनं पुकारलं. “आज दीप्ती मॅडम नाहीत हं. अमरावतीला लग्नात गेल्यात. नूपुर मॅडम बघतील.”

बाबनराव तटकन उठले. “मंग उद्या येऊ. चाल. आपल्याले दीप्ती मॅडमच पाहिजे.”

“काहून? या डॉक्टर नाहीत का?”

“त्यांले आपली केस माहीत नाही.”

“मी सांगते ना केस.”

त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि आत नेलं. टेबलाजवळच्या स्टुलावर बसवलं. स्वतः मागच्या खुर्चीवर बसल्या, पदर सावरला.

नूपुर डॉक्टर तरुण होती. ती कॉम्प्युटरवरचा रिपोर्ट वाचू लागली. बाबनराव खाकरले, “मॅडम, मी काय म्हणतो...”

“तुम्ही थांबा,” अनुसयाबाई हळूच म्हणाल्या. “डॉक्टर, मले तक्रार करायची आहे. तुमी पथ्य सांगता, मी पाळू पाळू थकली. पण हे मायी उपासाची खिचडी चोरून खातात. देवापुढचा पेढाही सोडत नाहीत. मी आता साबुदाणा घरात आणतच नाही. याईले जरा रागवा.”

“साबुदाणा बंद? बटाटेही?”

“सारंच बंद. काय करता? ठेवलं की हे गट्टम करतात.”

“साखर?”

“याईच्यापायी तीबी काढली. कोरा चहा पितो आमी.”

“चालणं?”

“रोज. हे एकटे जात नाहीत.”

नूपुर हसली. “मग तरीच. लिव्हरवरची सूज उतरलीय. किडनीचा आकडा तर छानच सुधारलाय. लिव्हर चरबीनं भरलं की किडनीही हळूहळू दमते, आणि माणसाला कळत नाही. तुम्ही वेळेत सावरलंत. असंच चालू ठेवा.”

अनुसयाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. “बाप्पानं ऐकलं,” त्या पुटपुटल्या. “पहा. मायेच मंगळवार फळले. तुमी तं काहीच पाळलं नाही.”

बाबनराव खिडकीबाहेर बघत होते.

नूपुरनं बीपी मोजायचा पट्टा काढला, उलगडला.

“काका, आता तुम्ही उठा जरा,” ती म्हणाली. “पेशंटचं स्टूल आहे ते. काकूंना बसू द्या.”