क्विरिनचं कपाळ

तुम्ही खोटं बोललात.
माझ्या कोर्बीच्या कपाळात गोळी लागली म्हणे. क्षणात गेला म्हणे. दुखलं नाही म्हणे.
शेजारच्या पोराचंही कपाळच. त्याच्या शेजारच्याचंही.
आमच्या पोरांना काय नुसती कपाळंच होती का?

काळ्या काठाच्या कार्डावर, लष्करी टोपीतल्या कोर्बीच्या फोटोखाली, या ओळी छापल्या होत्या. कविता त्याच्या आईची, बुर्गीची. बव्हेरियातल्या त्या खेड्यात कुणी गेलं की चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर असं कार्ड वाटतात, आणि बायका ते प्रार्थनेच्या पुस्तकात जन्मभर जपतात. कैसरचं युद्ध तिसऱ्या वर्षात शिरलं तशी गावातल्या पुस्तकांची पोटं फुगली होती. प्रत्येक कार्डावरची कविता बुर्गीचीच. दुसऱ्या कुणाला जमतंय ते? पलटणीकडून जे कळवलं जाई, ते ती मुकाट्याने यमकात बसवून देई. कोर्बीसाठी मात्र तिने यमक सोडलं.

कार्डं वाटून झाली नाहीत तोच चर्चच्या दारात पोलीस झाव्हर आडवा उभा राहिला. गावातलाच पोरगा, वेर्दूंच्या लढाईतून एक पाय आखडून परत आलेला. छापखान्यातल्या कुणीतरी चुगली केली होती आणि वरून हुकूम सुटला होता. त्याने पोतं उघडलं आणि सगळ्यांनी मिळालेली कार्डं यात टाका म्हणाला. बुर्गीकडे न बघता त्याने तिला समजावलं, की मावशी, आत्ता गुपचूप मागे घ्या, नाहीतर मला तुम्हाला जिल्ह्याच्या तुरुंगात न्यावं लागेल. रविवारपर्यंत नवी कार्डं छापून देतो, वीरमरणाची एक तयार कविता आहे छापखान्यात.

“ती माझीच असेल,” बुर्गी म्हणाली.

कुणी हसलं नाही. पाद्रीबाबा, बिअरघरात मयताच्या जेवणाचं सूप निवतंय, असं पुटपुटत मागच्या दाराने सटकले.

कोर्बीचं प्रेत आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं. पुरायला काही नव्हतं, क्रूस रोवायला जागा नव्हती. त्याचं म्हणून जगात उरलं होतं ते एवढं कार्ड, आणि तेही आता पोत्यात जायला निघालं होतं.

पहिली पुढे झाली ती बेकरीवाली. तिने मान खाली घालून कार्ड टाकलं. मग लोहाराची सून. कोर्बीचा चेहरा एकावर एक पोत्यात पडत होता आणि बुर्गी बघत होती. दातओठ खात उभी होती, पण कुणाला अडवत नव्हती. गवंड्याची विधवा तिच्यासमोर थबकली.

“माझा पोरगा सुखाने गेला, हे तूच लिहिलंस ना गं बुर्गी? तेवढ्यावर झोप लागते मला. आता तेही ओढून घेतेस?”

विधवेने कार्ड टाकलं आणि ती निघून गेली.

रांगेत शेवटी होती झाव्हरची आई, म्हातारी आफ्रा. झाव्हरने पोतं तिच्यापुढेही धरलं. हात मात्र थोडा खाली आला. आफ्राने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि त्यातून आणखी एक कार्ड काढलं. झाव्हरच्या धाकट्या भावाचं, क्विरिनचं. दोघे भाऊ एकाच खंदकात होते. परत आल्यापासून झाव्हर त्याविषयी चकार शब्द काढत नसे. घरात विषय निघाला की ताटावरून उठत असे. क्विरिनच्या कार्डावरही बुर्गीचीच कविता होती: कपाळावर लाल फूल उमललं, आणि लेकरू हसत निजलं.

म्हातारीने एका हातात क्विरिनला धरलं, दुसऱ्या हातात कोर्बीला.

“आई, घरी जा,” झाव्हर दबक्या आवाजात म्हणाला.

“जाते. माझा पोरगा कसा गेला ते हिला ठाऊक नाही, पाद्र्याला नाही, तुझ्या वरच्यांना तर नाहीच. तू त्याच्या शेजारी होतास.” तिने दोन्ही कार्डं त्याच्या तोंडासमोर धरली. “यातलं खोटं कोणतं ते सांग. तेवढं टाकते पोत्यात.”

चर्चच्या आवारातून निघालेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. बेकरीवाली वळून परत आली.

“बोल, झाव्हर.”