फ्रान्सचा पाळणा

ईदला आखातातल्या फिंतासमधल्या आमच्या घरी पाहुण्यांसमोर मी सुनेला टोमणा मारलाच. "फ्रान्सला गेलं की सगळी दुनिया पॅरिसचा मोठा पार्क बघते. आमच्या मुनिराने मला तिथल्या एका खेड्यातल्या जत्रेत नेलं! जत्रावाला सासरा पाळणा फिरवतोय, त्याची सून बटाटे तळतेय. त्यांचा घरचाच धंदा!"

मुनिरा चहा ओतत म्हणाली, "मला मोठ्या पाळण्यांची भीती वाटते हो." सगळे हसले, मी जरा जास्तच.

नात हिना माझ्या कानाशी कुजबुजली, "दादी, मम्माने त्या जत्रावाल्यांना आधी फोन केला होता. सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाळणा हळू फिरवाल का, म्हणून. तुला सांगू नको म्हणाली. म्हातारी म्हटलेलं तुला चालत नाही ना!"



पाहुणे अजून मुनिराला भित्री म्हणून चिडवत होते, आणि माझी एवढी लांब जीभ टाळूला चिकटली होती.