समोरचा लाल खांब

“आई, लाल पुन्हा चढला!” समोरच्या खिडकीतून मालविका ओरडली आणि प्रमोदिनीकाकूंच्या हातातला भाजणीचा डबा पडता पडता वाचला.

दुर्गाघाटची गल्ली ती केवढी! एका घरात फोडणी पडली की ठसका समोरच्या घरात. अशा गल्लीत दोन सख्ख्या जावांची समोरासमोर दुकानं, आणि दोघी विकायच्या तेच. मेतकूट, भाजणी, लोणचं, गोडा मसाला. गिऱ्हाईकही तेच, काशीयात्रेला आलेली मराठी माणसं. सासूबाईंचा मसाला नक्की कुणाच्या हातात उतरला, यावरून चुली वेगळ्या झाल्या आणि तेव्हापासून अबोला. अगदीच काही सांगायचं असलं, तर गल्लीतल्या गाईला सांगायचं. जिला ऐकायचं ती ऐकते.

त्यात आता धाकट्या जावेकडे, इंदूकडे, कॉम्प्युटर आला. जुनाच, पण आला! युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या तिच्या लेकीने, मालविकेने, त्यात एक प्रोग्राम बसवला. धंद्याचे आकडे घातले की पडद्यावर रंगीत खांब उभे राहायचे. एक लाल, एक हिरवा.

“काकू, तुम्हालाही तो प्रोग्राम आणून देऊ?” मालविकेने एकदा नळावर गाठून विचारलं. तिचा काही अबोला नव्हता. “देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलाय. पैसे नाहीत, कुलूप नाही. आतलं सगळं उघडं. हवं ते बदला, हव्या त्याला वाटा.”

“खपून केलेला माल फुकट वाटणारे हे शहाणे कोण गं?”

“असतात अशी माणसं, काकू. खांब बघायला तरी या.”

“फुकट ते पौष्टिक! तुझ्या आईलाच लखलाभ,” म्हणून काकूंनी कळशी उचलली.

बघायला जायची गरजच काय होती? इकडच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. लाल खांब जणू पडदा फोडून छताला लागणार, आणि हिरवा बिचारा त्याच्या पायाशी, आईचा पदर धरून उभ्या पोरासारखा. मालविका दिवसभर खिडकीत बसून गल्लीतल्या गिऱ्हाइकांवर डोळे लावायची आणि मध्येच पटापट बटणं दाबायची. संध्याकाळी इंदू येऊन त्या लाल खांबाकडे बघायची आणि चटकन खिडकी लावून घ्यायची.

“बघितलंत? दृष्ट लागेल म्हणून झाकतेय!” काकू नवऱ्याला म्हणाल्या.

“अगं, जाऊन विचार तरी,” नीलकंठकाका पोथीतून मान वर न काढता म्हणाले.

“मी? आधी ती बोलेल.”

काकूंना घास गोड लागेना. मसाला भाजताना डोळे समोरच्या दारावर, की खोबरं जळलंच. दारात नागपूरच्या बायका लोणच्यासाठी ताटकळायच्या आणि काकूंचं लक्ष मात्र इंदूच्या पायरीवर कुणाच्या चपला आहेत तिकडे.

“कपिले, काही लोकांची चांदी आहे गं सध्या!” एकदा त्या गाईला पोळी घालताना मोठ्याने म्हणाल्या.

“हो ना कपिले,” पलीकडून उत्तर आलं, “आणि काही लोकांना वर टोमणे मारायचीही हौस!”

झालं. त्या रात्री काकूंनी पदराने डोळे पुसले आणि सकाळी चौकातल्या साडीवाल्याला बोलावणं धाडलं. किती दिवस तो या जागेवर टपून होता. लाल खांबाच्या सावलीत बसून मरण्यापेक्षा दुकान दिलेलं बरं! काकांनी नुसती पोथी मिटली. साडीवाल्याच्या हातात किल्ली देताना काकूंचा हात क्षणभर मागे आला, पण दिली.

मग त्या तडक गल्ली ओलांडून इंदूच्या दारात गेल्या. जायचं तर ताठ मानेने जायचं.

आत फळ्या रिकाम्या होत्या. बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या. मालविका कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होती.

“मोठी जागा घेतलीस वाटतं?” काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांनी पहिले शब्द, तेही असले! “घे बाई, घे. मी आजच दुकान देऊन टाकलं. तुझ्या लाल खांबापुढे नाही निभाव लागला माझा.”

इंदूने हातातली बरणी खाली ठेवली. मालविका वळून आईकडे बघू लागली.

“वहिनी, आम्ही कालच बंद केलं,” इंदू कशीबशी म्हणाली. “आमचा तर हिरवा होता. लाल तुमचा.”