साधं वाजव

"साधं वाजव," सॅक्सोफोन गळ्यात अडकवत रॉस्को म्हणाला. "तुझं ते कडू-आंबट आज नको. चर्चमध्ये बायका वाजवतात ना, तसं. लोक मला ऐकायला आलेत, बाई."

व्हर्नेल पियानोपाशी बसली. रविवारची दुपार, डेट्रॉइटमधला गिलफोर्डचा बार गच्च भरलेला. पुढच्याच टेबलावर न्यूयॉर्कहून आलेला रेकॉर्ड कंपनीचा ब्रंडेज. त्याच्या हातात आजच्या गाण्यांचा कागद होता. शेवटचं गाणं व्हर्नेलचं, तिच्या मेलेल्या आईच्या नावाचं. त्यापुढे टाइप केलेलं होतं: रचना, रॉस्को लॅटिमर. मेल्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. भलतेच सूर वाजवून त्याला तोंडघशी पाडणं हा तिच्या हातचा मळ. पण मग खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं. बाईला जमलं नाही, म्हणाले असते. तिला असा सूड हवा होता, ज्यात कुणाला एकही चूक सापडणार नाही.

तीन वर्षं मावशीच्या पियानोवर तिनं एकच गोष्ट घोटली होती. गाणं घरी, म्हणजे आपल्या मूळ सुरावर, परतण्याआधी उंबरठ्यावर एक कॉर्ड येतो, एकदम दाबलेल्या चार सुरांचा. डाव्या हातानं त्याचा कणा धरायचा आणि उजव्या हातानं वरचे सूर हलवायचे, एक अर्ध्या सुरानं खाली, एक अर्ध्या सुरानं वर. क्षणभर कडू लागतं. मग आवळ्यावर पाणी प्यावं तसं घर गोड लागतं. रॉस्को वर नुसता एक सूर लांबवायचा, त्या सुराला रडवायची ती. आणि शहर म्हणायचं, काय रडतो हो रॉस्कोचा सॅक्स! हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

शेवटचं गाणं सुरू झालं. उंबरठा आला. व्हर्नेलनं साधा कॉर्ड वाजवला, चार सूर, जागच्या जागी. रॉस्कोनं आपला लांब सूर लावला. तो नुसताच लांबला. दुसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटले, गाल फुगवले, जीव तोडून फुंकला. पुन्हा साधा कॉर्ड.

"अरे, पाळणा म्हणतोय का हा?" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. ब्रंडेजनं कागद पालथा ठेवला आणि बिअर मागवली. व्हर्नेलला कसं गार गार वाटलं.

ड्रमवाल्या क्लिओटिसची एकट्याची पाळी आली तसा रॉस्को पियानोवर वाकला. त्याची कॉलर घामानं भिजली होती.

"व्हर्नेल, ते वाजव ना."

"कुठलं?"

"अगं, ते! ते तुझं!"

"सूर सांग, लगेच वाजवते."

त्यानं पट्ट्यांकडे पाहिलं. पांढऱ्या, काळ्या, पुन्हा पांढऱ्या. क्लिओटिस थांबला, बारमध्ये एकदम शांतता झाली. व्हर्नेलनं माइक जवळ ओढला. ब्रंडेजनं मान वर केली.

"सांग की, रॉस्को," ती गोड आवाजात म्हणाली. "गाणं तुझंच आहे ना?"