एकशे ऐंशी मीटर

गाडी आल्प्समधल्या शामोनी गावाच्या स्टेशनात थांबली. सोलांजने आधी आपल्या तुकडीतल्या सहाही जणांना उतरवलं, मग ती उतरली.

फलाटावर गाव जमलं होतं, पण बँड नव्हता. बातमी आधीच पोचली होती. हिमालयातलं शिखर फक्त एकशे ऐंशी मीटर उरलं असताना मोहिमेची प्रमुख सोलांज बोसोने हिनं तुकडी मागे फिरवली. या मोहिमेसाठी गावातल्या बायकांनी अख्खा हिवाळा लोकरीचे मोजे विणले होते.

"एकशे ऐंशी मीटर!" कॅफेवाला फेर्नां ओरडला. शाळेत तो सोलांजच्याच वर्गात होता. "अगं, तेवढं तर मी दोन ग्लास चढवूनही चढलो असतो!"

लोक हसले.

"चढला असतास रे," सोलांज म्हणाली. "पण खाली कुणी आणलं असतं तुला?"

डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला बर्त्रां बायकोचा हात धरून पुढे आला. तोही त्या सहांतलाच.

"पेपरात आलं नाही, म्हणून सांगतो," तो म्हणाला. "वर विरळ हवेनं माझ्या मेंदूला सूज आली. दिसायचं बंद झालं. सोलांजला शिखर समोर दिसत होतं. मी म्हटलं, मला इथेच बसवा, येताना घेऊन जा. तर हिनं अशी शिवी हासडली, की निम्मी सूज तिथेच उतरली. चार दिवस लागले मला खाली आणायला. चार दिवस!"

त्याच्या बायकोनं, इरेननं, सोलांजचे हात हातात घेतले.

तेवढ्यात गर्दी बाजूला सरली. सोलांजचे वडील आन्सेल्म काठी टेकत आले. चाळीस वर्षं त्यांनी वाटाड्या म्हणून लोकांना डोंगरावर नेलं होतं. मुलीचं कौतुक त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. सोलांज नकळत ताठ उभी राहिली.

"किती वाजता फिरलीस?"

"दुपारी एकला."

"हवा?"

"स्वच्छ होती, बाबा. वारा नाही, ढग नाही."

अशा हवेत मागे फिरणं काय असतं, ते फलाटावर आन्सेल्मइतकं कुणाला ठाऊक असणार?

"रडलीस?"

"खाली आल्यावर. वर वेळ नव्हता."

त्यांनी मान डोलावली. काठी इरेनच्या हातात दिली, वाकून सोलांजची पाठपिशवी उचलली आणि आपल्या खांद्यावर चढवली.

"बाबा, जड आहे ती."

"चल. पुढे हो."

ती निघाली. जन्मभर डोंगरावर दोरीच्या पुढच्या टोकाला राहिलेल्या आन्सेल्म बोसोने यांना कुणाच्या मागून चालताना गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.