गालातला दात
बाबा वकील, घरातही कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. आज मला पक्क्या नोकरीचे फायदे समजावताना ते गर्रकन वळले आणि कपाटाच्या उघड्या दारावर आदळले. पुढचा दात मुळासकट फरशीवर पडला. दातांच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं, "मुळाला हात लावू नका. दात नुसता धुवा, गालात धरा आणि इथे येईपर्यंत तोंड उघडू नका." टॅक्सीत मी संधी साधली. "बाबा, मी कालच नोकरी सोडलीय." त्यांच्या भुवयांनी हरकत घेतली. मी ती फेटाळली. "सुतारकाम शिकणार आहे." ड्रायव्हर म्हणाला, "तुमचे वडील फारच शांत आहेत हो!" मला किती भीती वाटतेय हे सांगायला लागले तोच दवाखाना आला. डॉक्टर म्हणाले, "काका, तोंड उघडा, वेळ नाहीये." बाबांनी मानेनंच नकार दिला आणि मला खुणावलं, पुढे बोल.