अब्बांनी ‘लागला’ म्हटल्याशिवाय

“न्हाई,” ट्रेलरच्या मागून अब्बांचा आवाज आला.

नवाजनं ब्रेकवरचा पाय काढला, पुन्हा दाबला. “आता?”

“आता बी न्हाई.”

नवाजनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. सकाळपासून हेच चाललं होतं. विकासची गाडी नवीकोरी, रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकून आठच दिवसांपूर्वी घेतलेली. मागे जोडलेला चहा-भजीच्या स्टॉलचा ट्रेलर मात्र सहा वर्षं भुशी धरणावरच्या पावसात भिजलेला. त्याला विकासनं हौसेनं एलईडी दिवे लावून घेतले होते. ते दिवे तापत नाहीत आणि वीज इतकी कमी खातात, की नव्या गाडीला वाटतं बल्बच उडाला, आणि ती वीज तोडून मोकळी होते. शहाणी खरी, पण जरा अतिशहाणी. नवाजनं वायरीत रेझिस्टर बसवून तिची समजूत काढली होती. ‘ट्रेलरचे दिवे तपासा’ ही स्क्रीनवरची सूचनाही गेली होती.

आणि तरी अब्बा म्हणत होते, न्हाई.

विकास खिडकीत वाकून स्क्रीनकडे बघत होता. “नवाजभाई, गाडी तर म्हणती समदं ठीक हाय.”

“गाडी काहीही म्हणेल. अब्बा नाही म्हणतात ना?”

“व्हय, त्ये बी खरंच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चाचा मागं हायती की.”

लोणावळ्यात जुन्या हायवेवर ‘महंमद ऑटो इलेक्ट्रिक’ला बत्तीस वर्षं झाली होती. दुकानाचा रिवाज एकच. महंमदचाचांनी मागे उभं राहून ‘लागला’ म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. खोपोलीकडचे ट्रकवाले घाट उतरण्याआधी मुद्दाम इथे थांबायचे ते या एका शब्दासाठी. मीटर आणि अब्बा यांचं जुळलं नाही, तर मीटर खोटा. अब्बा उभे असताना स्वतः मागे जाऊन दिवा बघणं म्हणजे भर दुकानात बापाला खोटं पाडणं. नवाजनं ते कधी केलं नव्हतं.

पण नव्या गाड्या आताशा थेट पिंपरीला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात होत्या. ही पहिलीच हिंमत करून इथे आली होती. ती तशीच परत गेली, तर महंमदचाचाचं दुकान आता संपलं, असं उद्या अख्खा बाजार म्हणणार होता.

“चार वाजता मला भुशीला स्टॉल लावायचाय,” विकास म्हणाला. “वर धुकं पडलंय. मागचा दिवा नसंल तर कुनी बी येऊन ठोकील. न्हाईच जमत तर सांगा, तसाच पिंपरीला नेतो.”

“जमतंय. तू बाजारातून प्लगचा नवा सॉकेट घेऊन ये.”

विकास गेला. नवाज ट्रेलरखाली शिरला. अर्थिंगचा बोल्ट काढला, गंज घासला, नवी वायर टाकली. हुकापाशी मीटर लावून बघितलं, तर वायर कुठेच तुटलेली नव्हती. चिखलात बरबटून तो बाहेर आला आणि पुन्हा सीटवर बसला.

“आता बघा, अब्बा.”

“न्हाई.”

“नीट बघितलंत का?”

“अरे, हात ठिवून उभा हाय काचंवर. गार पडलीय नुसती.” अब्बांचा आवाज जरा दुखावला होता. “जुन्या गाड्यांत हुकापाशी रिलेचा खटका टक्कन बोलायचा. ही गाडी लय मुकी हाय.”

“नव्या गाडीत तसा रिले नसतो.”

“त्येच तर म्हणतो मी.”

नवाजची बायको फलक त्याला महिनाभर सांगत होती, अब्बांना आता घरी बसू द्या म्हणून. रमजानपासून त्यांनी स्कूटर सोडली होती, गुडघे दुखतात म्हणायचे. पेपरही आता फलककडूनच वाचून घ्यायचे. बायकांनी चार अक्षरं वाचावीत, असं वर तिलाच सुनावायचे. पण दुकानात यायचे ते रोज, सगळ्यांच्या आधी. त्यांना घरी बसवायचं म्हणजे दुकानाचा डोळाच काढून ठेवायचा, असं नवाज तिला म्हणाला होता.

साडेतीन वाजले. हायवेवरही धुकं उतरायला लागलं होतं. नवाजचा धीर सुटला. त्याला गाडीचा राग आला, विकासचा आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा अब्बांचाही आला.

त्यानं चाकाखालची लाकडी फळी उचलली, एक टोक सीटला टेकवलं आणि दुसरं ब्रेकवर घट्ट बसवलं. पेडल खाली दबून राहिलं. मग दाराचा आवाज न करता तो उतरला. चोरासारखं वाटत होतं. ट्रेलरला वळसा घालून तो मागे गेला.

दोन्ही दिवे लागले होते. लख्ख. मागची ओली भिंत लाल झाली होती, पाण्याचं पिंप लाल झालं होतं, अब्बांची पांढरी दाढीसुद्धा लाल झाली होती. एक तळवा दिव्याच्या काचेवर ठेवून, मान जरा तिरकी करून अब्बा उभे होते. डोळे उघडे होते. नवाज त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला.

अब्बांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे, ड्रायव्हरच्या सीटकडे तोंड केलं आणि मोठ्यानं विचारलं, “नवाज, अजून न्हाई रे. ब्रेक दाबून धरलायस न्हवं?”